वासराच्या रंगावरून जातीचा निवाडा नको

खिलार गाईस तांबूस माथ्याचे वासरू झाले की, ‘यात काही भेसळ आहे’ असा संशय घेऊन ते मिळेल त्या किमतीस काढून टाकण्याची बुद्धी पुष्कळांस होते. तीत घरधन्याचा तोटा होतो आणि चांगले बीजही हातचे जाते. म्हणून या विषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

खिलार जातीचे माहेर सोलापूर, सातारा व सांगली या जिल्ह्यांकडे. आपल्या देवळाली प्रवरा भागातील शेतकरी बहुधा वाढलेलेच जनावर विकत आणतो. पांढऱ्याशुभ्र बैलाचे बालपणीचे रूप त्याच्या पाहण्यात नसते. वस्तुतः नवजात खिलार वासराच्या माथ्यावरील तांबूस रंग हे जातीचेच लक्षण असून, तो एकदोन महिन्यांत मावळतो. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी काळे व तांबडे अशी दोन प्रकारची रंगद्रव्ये तयार करितात, व वयाबरोबर त्यांचे प्रमाण पालटते. खोंड वयात आला की वृषणांतील स्रावाच्या योगाने मान, वशिंड व पुठ्ठे काळसर होतात; गाय व खच्ची केलेला बैल त्या मानाने पांढरे राहतात. म्हणजे काळसर वळूस कमअस्सल म्हणणे हीही तितकीच चूक होय.

असा पालट केवळ गोवंशातच होतो असे नाही. काळे वा तांबडे जन्मलेले शिंगरू पुढे काही वर्षांत पांढरे झालेले आपण पाहतो. त्यामागील आनुवंशिक बदल शास्त्रज्ञांनी २००८ साली शोधून काढिला. उलटपक्षी, आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्याकडच्या डांगी जनावरांच्या अंगावरील पांढऱ्या ठिकाणांची जागा जन्मापासून बहुधा तीच राहते. तेव्हा ओळख पटविण्यास रंगाच्या छटेपेक्षा ठिकाणे, भोवरे व शिंगांची ठेवण अधिक भरवशाची.

मात्र रंगाचा प्रत्येक पालट वयाचा नव्हे. काळे जनावर अवेळी तांबूस वा फिके दिसू लागले, डोळ्यांभोवतीचे केस पांढरे पडले आणि अंगही धरीनासे झाले, तर आहारात तांब्याची उणीव असण्याचा संभव असतो. कारण काळे रंगद्रव्य तयार होण्यास अल्पसे तांबे लागते. अशा वेळी पशुवैद्यास दाखवावे. घरच्या अंदाजाने मोरचूद चारणे घातक आहे; मेंढ्या तर त्याने दगावतात.

आमची सूचना इतकीच की, वासराची नोंद करिताना जन्मतारीख, आईबाप व आईचे दूध यांबरोबर जन्मवेळचा, सहा महिन्यांचा व वयात आल्यानंतरचा असा तीन वेळचा रंग लिहावा आणि कानातील बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक त्यासोबत जोडावा. विम्याच्या कागदात एक रंग व गोठ्यात दुसरा, असा घोटाळा मग उरणार नाही. विकत घेताना वय दातांवरून ठरवावे: आदत, दुसा, चौसा की जुळलेला, हे तोंड उघडताच कळते. जात वंशावळीवरून व बांध्यावरून पारखावी, आणि रंगास शेवटचे स्थान द्यावे. दोन महिने धीर धरिल्यास जे वासरू आपणहून पांढरे होणार, ते संशयापायी दारातून घालविणे हा व्यवहार शहाण्या शेतकऱ्यास शोभत नाही.