कलम गेले, कोयता राहिला

भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम इंग्रजांनी १८६० साली केले आणि स्वराज्यातही ते सत्तर वर्षे टिकले. संमतीने जवळ आलेल्या दोन प्रौढ पुरुषांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा देण्याची सोय त्यात होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली अशा संबंधांना त्यातून मोकळीक दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१३ साली काढून घेतली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने परत दिली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेत तर हे कलमच नाही. (त्याबरोबर प्रौढ पुरुषावरील बलात्काराची दखल घेणारी तरतूदही गेली, याचे भान कायदा करणाऱ्यांना राहिले नाही.)

दक्षिण आफ्रिकेने १९९६ च्या राज्यघटनेतच लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई केली. बोट्स्वानाच्या न्यायालयांनी २०१९ व २०२१ साली इंग्रजी अमदानीतील कलमे रद्द केली. नेपाळात नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा जोडप्याच्या विवाहाची नोंद झाली. परंतु युगांडाने त्याच वर्षी शिक्षा फाशीपर्यंत नेली, आणि त्रिनिदादमध्ये २०१८ साली न्यायालयाने दिलेले स्वातंत्र्य अपील न्यायालयाने २०२५ साली हिरावून घेतले. केवळ निकालपत्रावर उभा असलेला हक्क निकालपत्रानेच जाऊ शकतो. भारतानेही हे २०१३ साली अनुभवले आहे.

मग धाराशिव जिल्ह्यातील तरुणाच्या पदरात २०१८ च्या निकालाने काय पडले? पोलिसाचा धाक कमी झाला, ही गोष्ट लहान नव्हे. पण त्याला खरा धाक पोलिसाचा होता काय? कळंब, वाशी, भूम या भागांतून ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांचा हिशेब पाहावा. तेथे एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल मिळते ती जोडीला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. ज्या व्यवहारात लग्न हीच मजुरीची अट आहे, तेथे लग्नाला नकार देणे म्हणजे घराची उचल बुडवणे होय. चार एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घरातही हेच. सातबारा वडिलांच्या नावावर, आणि वडिलांचा शब्द मोडणाऱ्याला घरात थारा नाही. पुण्या-मुंबईत पगार मिळवणारा माणूस निकालाचा उपभोग घेऊ शकतो. गावातला मुलगा लग्न करतो, आणि त्याच्या मौनाची निम्मी शिक्षा एक निरपराध मुलगी भोगते. बाईवर प्रेम करणाऱ्या बाईची गोष्ट तर कोणी विचारीतच नाही. तिचे लग्न तिला विचारून ठरत नसते.

हे शहरी चोचले आहेत, अशी कुजबुज कार्यकर्त्यांतही ऐकू येते. त्यांनी १९३४ साल आठवावे. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना मोकळी उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही होते. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, दंड झाला. पण अस्पृश्यांचा लढा शिरावर असलेल्या त्या पुरुषाला हे काम आपले नव्हे असे वाटले नाही.

विवाहाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारला आणि पुनर्विचाराचे अर्जही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळले. संसदेकडून तूर्त अपेक्षा करणे व्यर्थ. तथापि त्या निकालानंतर नेमलेल्या समितीमुळे २०२४ साली केंद्राच्या खात्यांनी काही पत्रे काढली आहेत. अशा जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातील मानावे. बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व जोडीदाराचे नाव नामनिर्देशित व्यक्ती म्हणून नोंदवण्यास आडकाठी नाही. जवळचे नातलग नसल्यास मृतदेहाचा ताबा जोडीदाराला मिळावा. धान्य, पैसा आणि अखेरचा अग्नी: गरिबाच्या संसारात याहून अधिक असते तरी काय?

ही पत्रे उमरगा, परंडा, तुळजापूरच्या तहसील कचेऱ्यांत पोचली आहेत काय, पुरवठा शाखेतील कारकुनाला ती ठाऊक आहेत काय, याची लेखी चौकशी कोणताही तालुका कार्यकर्ता करू शकतो. अर्जदाराचे नाव पुढे करण्याची गरज नाही. पक्षाच्या कागदावर पक्षाची सही पुरेशी आहे. आणि ऊसतोड कामगारांच्या पुढच्या मागणीपत्रात एकट्या मजुराला पूर्ण कोयत्याचा दर्जा मागता येईल. विधवा, परित्यक्ता आणि लग्न न करणारा यांपैकी कोण अर्ज करतो आहे, हे मुकादमाने विचारण्याचे कारण नाही.