झाडपाल्याची पारख

कावीळ झाली की आमच्या गोमंतकात आजही अनेकांची पावले प्रथम वैदूच्या दाराकडे वळतात. पावसाळ्यात अंगणात उगवणारी भुईआवळी वाटून द्यावी, किरायत्याचा कडू काढा पाजावा, हे घरोघरीच्या आजीबाईंना ठाऊक असते. या परंपरेची टवाळी करणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. तिच्यापुढे डोळे मिटून हात जोडणाऱ्यांपैकीही नव्हे.

भुईआवळीतील फिलँथिन आणि किरायत्यातील अँड्रोग्राफोलाइड ही द्रव्ये विषाने पीडित यकृतपेशींचे रक्षण करतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु प्रयोगशाळेतील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी भुईआवळीने ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून ‘ब’ काविळीची खूण नाहीशी झाल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा जगभर कौतुक झाले. पुढे इतरत्र झालेल्या चाचण्यांत मात्र तसा गुण आला नाही. शिवाय दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ बहुधा काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय मात्र मुळीला मिळते!

‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हा समज तर याहून घातक. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. १९७०च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात माणसांची पोटे पाण्याने फुगू लागली, यकृते निकामी होऊन कित्येक दगावले. संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथील अन्न तपासले. गोंदली नावाच्या भरड धान्यात तागाच्या कुळातील एका रानटी झुडपाचे बी मिसळले होते. त्यातील विषारी द्रव्यांनी हा घात केला होता. यकृताला तारणारी द्रव्ये वनस्पतींतच असतात आणि मारणारीही वनस्पतींतच! २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, तेव्हा ती वेल खरी गुळवेलच होती काय, यावरच वाद माजला. वनस्पतीची ओळखच पक्की नसेल तर औषध कोणते आणि विष कोणते, हे कोण सांगणार?

१५६३ साली गार्सिया द ओर्ताने येथील औषधींवरील ग्रंथ गोव्यातच छापला. आमच्या भूमीचे ज्ञान परक्याने टिपून ठेवले. आम्ही मात्र ते वैदूंबरोबर सरणावर जाऊ देत आहोत. सरकारने वैदूंकडील माहिती त्यांच्या नावानिशी नोंदवावी, वनस्पतींची शास्त्रशुद्ध ओळख पटवावी, हैदराबादसारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळांत त्यांची कसोटी घ्यावी आणि लाभ झाल्यास २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार त्यांचा वाटा त्यांना द्यावा. तोवर डोळे पिवळे दिसताच प्रथम रक्त तपासून घ्यावे, आणि मुळी घेतली असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये, एवढेच आमचे वाचकांना सांगणे आहे.

स्वदेशीचा अभिमान आम्हांसही आहे. पण नाणे स्वदेशी म्हणून कोणी ते न वाजवता घेत नाही. मग येथे तर प्राणाशी गाठ आहे!