खुदाबक्शला गाव नव्हतं

२०१८ च्या दिवाळीत 'ठग्स ऑफ हिंदोस्तान' लागला तेव्हा आम्ही पाच भावंडं चंद्रपुरात पहिल्याच दिवशी जाऊन बसलो. अमिताभ आणि आमिर पहिल्यांदाच एका सिनेमात. जहाजं, तोफा, कंपनी सरकारशी लढाई. आणि बंडखोरांच्या म्होरक्याचं नाव खुदाबक्श! त्या नावासाठी तरी सिनेमा आवडावा असं मनापासून वाटत होतं. मध्यंतरापर्यंत माझा धाकटा मामेभाऊ झोपून गेला होता.

देशभर तेच झालं. पहिल्या दिवशी पन्नास कोटींवर गल्ला, दुसऱ्या दिवशी जवळपास निम्मा. लोकांनी 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'ची नक्कल म्हणून नावं ठेवली. नक्कल मी माफ केली असती. माझी तक्रार रौनकपूरबद्दल आहे. १७९५ सालचं हे राज्य कुठल्याच नकाशावर नाही. तिथले लोक कसे जगतात, कंपनी त्यांच्याकडून नेमकं काय हिसकावते, हे कळतच नाही. मग जहाज बुडालं काय आणि तरलं काय! आमिरचा फिरंगी दर अर्ध्या तासाने बाजू बदलतो, पण गद्दारीची किंमत मोजावी लागतेय असं जाणवत नाही. ती नुसती गंमत राहते.

याच्या साठ वर्षांनंतरची आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट बघा. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके. १८५८ च्या मार्चमध्ये त्यांनी राजगड परगण्यावर धाड घातली. त्यांच्या फौजेत गोंडांबरोबर रोहिले होते. २९ एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला इंग्रजांच्या तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, दोन गोरे मारले गेले. मग कॅप्टन क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. त्यांच्या माणसांनी बाबूरावांना पकडून दिलं. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्यात फाशी. वय पंचवीस.

यात जंगल आहे, नदी आहे, पाठलाग आहे आणि गद्दारीही आहे. पण ही गद्दारी करणाऱ्या बाईसमोर स्वतःची जमीनदारी जाण्याची भीती होती. फिरंगीला असं काही गमवायचं असतं, तर मामेभाऊ जागा राहिला असता. खजिनाच हवा होता तर वैरागड होतं. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख 'ऐन-ए-अकबरी'त आहे. माल्टात जाऊन जहाजं कशाला बांधायची?

मला मात्र त्या रोहिल्यांचं कुतूहल जास्त. त्यांना उगाच शहीद करायची माझी इच्छा नाही. रोहिले तेव्हा भाडोत्री शिपाई म्हणून या मुलखात फिरत होते; काही पगारासाठी आले असतील, काही लुटीसाठी. पण गोंड राजाच्या मुलखात, गोंड जमीनदाराच्या हुकुमाखाली, दोन भाषांची माणसं एका जंगलात उपाशी राहिली असतील, एकमेकांवर संशय घेत असतील, रात्री एकाच शेकोटीला बसत असतील. पैसे संपल्यावर कोण थांबलं, कोण पळालं? असा सिनेमा मी दोनदा पाहीन.

कॉलेजात असताना एका मित्राने सहज विचारलं होतं, "तुम्ही लोक मूळचे कुठले?" वाईट हेतू नव्हता त्याचा. मी "इथलाच" म्हणालो आणि पुढे काय सांगावं ते सुचेना. आमच्या घरात टिपू सुलतान माहीत होता, औरंगजेबावरून वाद होत, पण चिंचगुंडीचं नाव कुणी काढलं नव्हतं. मुंबईवाल्यांनी आपल्याला रौनकपूरचे नवाब केलं, यात सगळा दोष मुंबईचा नाही.

मोहरमला चंद्रपूरच्या कारागृहातल्या गैबीशाह वलींच्या दर्ग्याकडे गर्दी असते, तुम्हीही गेला असाल. ज्या पिंपळाला बाबूरावांना फाशी दिली, तोही त्याच कारागृहाच्या परिसरात आहे. दर २१ ऑक्टोबरला तिथे आदिवासी बांधव जमतात. यंदा मामेभावाला घेऊन मी जाणार आहे. तो आता व्हिडिओ एडिटिंग शिकतो.