तुराटीचा भुसा आणि रंगाचे पाणी

आमच्या अफजलपूर तालुक्यात तुरीचे रान मोठे. रास झाली की तुराट्या चुलीत जातात, नाही तर कुडाला लागतात. डाळीचे टरफल मात्र जनावरांच्या दावणीत जाते. त्याकडे कोणी वाकडी नजर करू नये.

भीमेच्या वरच्या अंगाला सोलापूर आहे. चादरी आणि टॉवेल यांसाठी सूत रंगविताना सगळाच रंग धाग्यावर बसत नाही. उरलेला पाण्याबरोबर वाहून जातो. तेथील उतार अखेर भीमेच्याच खोऱ्यातला, आणि तिच्याच काठी आमचे गाणगापूर. रंगीत पाणी नुसते ओंगळ दिसते असे नव्हे. ते सूर्यप्रकाश अडविते आणि पाण्यातील वनस्पतींचे अन्न तयार होणे मंदावते.

हा रंग सक्रिय कोळशाने निघतो, पण तो महाग पडतो. म्हणून बेलफास्टच्या संशोधकांनी १९७६ साली पीट आणि लाकूड यांवर प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे उसाचे चिपाड, भुईमुगाची टरफले, तुराट्या यांचीही परीक्षा झाली. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. टिपकागद शाई पितो ते शोषण; रंगाचे रेणू पृष्ठभागाला चिकटून राहणे हे अधिशोषण.

घरी पाहावयाचे असल्यास पेलाभर पाण्यात जखमेवर लावावयाच्या जेन्शियन व्हायोलेटचे दोन थेंब टाकावेत आणि तुराटीचा बारीक भुसा घालून तासभर ढवळीत राहावे. भुसा आधी दोन-तीनदा धुवावा, अन्यथा त्याचाच तांबूस रंग पाण्यात उतरतो. जांभळेपणा बराच ओसरेल. भुशाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि या रंगावर धन; म्हणून ते एकमेकांना धरतात.

परंतु सुतासाठी सर्रास वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात. भुसा त्यांना दूर लोटतो. पाणी आम्लयुक्त करावे, किंवा भुशावर आधी रासायनिक प्रक्रिया करावी, तेव्हा कोठे ते धरले जातात. आणि तेवढ्या प्रमाणात फुकटचा भुसा फुकट राहत नाही. उत्साही लेखक हा भाग गाळतात, तो गाळू नये असे माझे मत आहे.

शिवाय, रंग नाहीसा होत नाही, पाण्यातून भुशात जातो. तो भुसा उकिरड्यावर टाकला तर पावसात रंग पुन्हा ओढ्याला लागण्याची भीती. योग्य भट्टीतच तो जाळावा लागतो. चार हौद असलेल्या लहान रंगाऱ्याने अशी भट्टी कोठून आणावी? ती अनेकांनी मिळूनच उभारावी लागेल, आणि भुशाच्या गाडीभाड्याचा हिशेब तिच्याबरोबरच मांडावा लागेल.