खोली वाढवणारा दोषी, मजले चढवणारा मोकळा?

आगाशी-निर्मळच्या एखाद्या वाडीत मुलाचे लग्न ठरते आणि वडिलोपार्जित कौलारू घर अपुरे पडू लागते. मागच्या पडवीला लागून एक खोली बांधावी, इतकीच त्या गृहस्थाची आकांक्षा. पण त्याच्यापुढे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 उभा ठाकतो. परवानगीविना भिंत उभारली, तर नोटीस! कायदा आहे, तो पाळलाच पाहिजे. याविषयी दुमत नाही.

परंतु हाच कायदा नालासोपाऱ्यात कोठे निद्रिस्त होता? सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवर तेथे तब्बल 41 इमारती उभ्या राहिल्या. 2024 साली उच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा कोठे हातोडा पडला आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. 2025 च्या गणेश चतुर्थीची पहाट उजाडण्यापूर्वी विरारची रमाबाई अपार्टमेंट कोसळून 17 जण प्राणास मुकले. तीही अनधिकृतच होती. मजल्यावर मजले चढत असताना ते कोणाच्याच दृष्टीस पडले नाहीत?

म्हणून नियमच नकोत, असे म्हणणे हा आत्मघात ठरेल. नियम माणसाच्या जिवासाठीच असतात. प्रश्न आहे तो त्यांच्या अंमलबजावणीतील पक्षपाताचा. वास्तविक, डिसेंबर 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीने लहान घरमालकाला दिलासा दिला आहे. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नकाशे व शुल्क सादर केल्याची पोच हीच परवानगी. 300 चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत निर्णय. पण सातबाऱ्यावर दहा वारसांची नावे असलेल्या वाडीत हा मार्ग पहिल्याच पावलाला अडतो. मग कंटाळलेला प्रामाणिक माणूस दलालाच्या दारी जातो, किंवा रातोरात भिंत उभारून कायमचा भयग्रस्त होतो. प्रामाणिकाला गुन्हेगार बनवणारी व्यवस्था कोणाच्या सोयीची?

2009 साली चार नगरपालिका व अनेक ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. तिने आता प्रत्येक प्रभाग कार्यालयात सुलभ नियमांचा मराठी फलक लावावा, वारसांच्या संमतीसाठी साधा नमुना द्यावा आणि अनधिकृत इमारतीचा पाया खणला जात असतानाच काम थांबवावे. मजला चढू देणाऱ्या अधिकाऱ्यालाही उत्तरदायी धरावे. नागरिकांनीही अर्जाची पोच घेतल्याविना परतू नये.

पायाच्या वेळी डोळे मिटायचे आणि छप्पर पडल्यावर पंचनामा करायचा, याला नगररचना म्हणत नाहीत!