भल्यासाठीच मारलं!

"तिच्या भल्यासाठीच मारलं." सल्ला केंद्रात बसणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीने हे वाक्य नवऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. त्याच्या पाठची भावंडंही ओळखीची आहेत: 'सांगून ऐकत नाही', 'राग आला की माझा हात आवरत नाही', 'मारतो तसा जीवही लावतो'. हे ऐकलं की आपण उसळून उठतो, आणि उठायलाच हवं. पण हीच वाक्यं, एक शब्दही न बदलता, बाई आपल्या पोराबद्दल बोलते तेव्हा आपण समजुतीने मान डोलावतो. त्याला आपल्याकडे 'वळण लावणं' म्हणतात.

नवऱ्याच्या हातची ती हिंसा आणि आईच्या हातचं ते वळण, हा कुठला न्याय? पाठीवर उठणारे वळ तर दोन्हीकडे सारखेच असतात.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं होतं. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक छळ सोसलेला होता. ज्यांना घरात मार बसला, त्यांतल्या ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईबापच होते. शाळेतल्या छडीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली, पण तो कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो. एके काळी नवऱ्याचा मारही असाच 'घरातली गोष्ट' होता. तो घराबाहेर काढायला १९८३ चं ४९८अ (आता ते न्याय संहितेत ८५ वं कलम झालं आहे) आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा लागला. त्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या आपण पोराच्या बाबतीत मात्र 'घरातली गोष्ट' म्हणून गप्प बसतो.

आता कुणी म्हणेल, झालं! पुन्हा सगळं खापर बाईच्याच डोक्यावर. नाही. मार घरात वरून खाली उतरत येतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मुकादम नवऱ्याला बोलतो, नवरा बायकोवर हात टाकतो, आणि बायकोच्या हाताशी पोरच असतं. शिवाय मुलांचं सगळं करायचं कुणी, हेही ठरलेलं. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची देखभाल करत होत्या, पुरुष २१.४ टक्के. त्या कामात तिची रोजची १४० मिनिटं जात होती, त्याची ७४. स्वयंपाक, धुणं, पाणी हे यात धरलेलंच नाही. कष्ट तिचे, अधिकार मात्र त्याचा: १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक आधी बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या 'नंतर'चा अर्थ 'त्याच्या गैरहजेरीत' असा लावला खरा, पण कायद्यातला शब्द अजून तसाच आहे. पोर बिघडलं की 'आईनं लाडावलं', नाव काढलं की 'बापाचं नाव राखलं'. म्हणून तीही म्हणते, "थांब, बाबा येऊ देत, सांगते." स्वतःच्या 'नाही'ला घरात किंमत नाही हे तिला ठाऊक असतं, तेव्हा ती बापाची भीती उसनी आणते. पोर हे बरोबर टिपतं. आईचं 'नाही' म्हणजे 'नाही' नव्हे, हा धडा मुलगा तिथेच शिकतो आणि पुढे बायकोवर गिरवतो.

या बाईला पालकत्वाची सदरं काय सांगतात? मुलाच्या उंचीवर बसा, त्याच्या डोळ्यांत बघून बोला, त्याच्या खोलीत जाताना दार वाजवा. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे दार एकच असतं आणि ते गल्लीत उघडतं. पहाटे अंधारात फडात उतरलेली ऊसतोड कामगार संवादासाठी निवांत अर्धा तास आणणार कुठून? पण म्हणून त्या खोपीत राहणाऱ्या पोरीला स्वतःचं असं काहीच नको असतं का? ती कपडे बदलताना पाठ फिरवावी, तिचं दप्तर न विचारता उपसू नये, तिला आलेली चिठ्ठी चारचौघांत वाचून दाखवू नये. याला वेगळी खोली लागत नाही. आणि बोलणं भाकरी थापतानाही होतं, मात्र तिचं वाक्य पुरं होऊ द्यायला हवं.

'मर्यादा' हा शब्दच आपल्याकडे नासलेला आहे. मुलीची मर्यादा दिवेलागणीला सुरू होते आणि घराण्याच्या अब्रूशी संपते. मुलाला मर्यादाच नाही; 'मुलगा आहे, चालायचंच.' तिने 'का?' विचारलं तर ते 'उलट बोलणं'. हाच शब्द सुनेसाठीही वापरतात, हा योगायोग नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. एवढा मोठा निर्णय घेताना यांतल्या कितीजणींशी कुणी बोललं असेल? आणि "मामाला पापी दे, नाहीतर मामा रागावेल" म्हणून अंग चोरणाऱ्या पोरीला आपण पुढे ढकलतो, तेव्हा वडीलधाऱ्यांपुढे तुझं 'नाही' चालत नाही, असंच तिला शिकवतो. लहान मुलांवर हात टाकणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. २०१२ चा पॉक्सो कायदा तक्रार झाल्यावर कामाला येतो. तक्रार करण्यासाठी आधी तोंड उघडावं लागतं, आणि ते आपणच मिटवलेलं असतं.

उलट काही घरांत, त्यांत आपल्या चळवळीतलीही आली, मुलांना कशालाच 'नाही' म्हणायचं नाही, असं चालतं. पोरगा जेवून उठतो, ताट तिथेच. ते आई उचलते, आणि याला मोकळीक म्हणतात! बाईला आयतं राबवायची ही जुनीच रीत आहे, फक्त नाव नवं.

मर्यादा हवीच. पण ती आधी सांगितलेली असावी, कारणासह सांगितलेली असावी आणि घरातल्या सगळ्यांना लागू असावी. मोबाइल रात्री दहाला बंद, तर बापाचाही बंद. बहिणीला सातच्या आत घरी, तर भावालाही सातच्या आत, नाहीतर दोघांनाही नऊ. "मी दमले आहे, अर्धा तास मला काही विचारू नकोस, मग तुझं ऐकते," असं आईला म्हणता आलं पाहिजे आणि तो अर्धा तास घराने पाळला पाहिजे. अर्ध्या तासाने मात्र तिने आपणहून त्याच्याजवळ जाऊन बसायचं. पोराने वाद घातला, तर घालू द्यावा. त्याचं म्हणणं पटलं तर नियम बदलावा, नाही पटलं तर आवाज न चढवता तोच ठेवावा. हे अवघड आहे. थप्पड फार सोपी असते, म्हणून तर नवरेही तीच वापरतात.

आणि हे काम एकट्या आईचं नाही. शाळेची पालक सभा दुपारी तीनला ठेवायची, समोर सगळ्या बायका, आणि फळ्यावर लिहायचं 'पालक'! ही सभा रविवारी सकाळी घ्या आणि बापाची सही मागा, एवढी मागणी प्रत्येक गटाने आपापल्या शाळेत करायला काय हरकत आहे? सल्ला केंद्रात बाईची नोंद करताना 'मुलांना कोण मारतं?' हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. उत्तर 'मीच' असं आलं, तर तिला शरमिंदं न करता ते लिहून घ्यायचं आणि पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं. पुढच्या शिबिरात एक पूर्ण सत्र या विषयाला द्यावं. शिबिराच्या पत्रिकेत 'मुलांना सोबत आणावे' असं आपण छापतोच. त्याच ओळीत, त्यांना सांभाळायला या वेळी पुरुष कार्यकर्ते बसतील, हेही छापून टाकू.