फ्रेंचची वाट बीडवरूनही जाते

मंडळी, "फ्रेंच-बिंच आपल्या पोरांचं काम नाही" हे वाक्य आपल्याकडं सर्रास ऐकू येतं. पुण्या-मुंबईची पोरं अकरावी-बारावीला फ्रेंच घेतात, चांगले मार्क पाडतात. आपल्या पोरानं विषय काढला की आपणच म्हणतो, आधी इंग्रजीचं बघ!

मला हे पटत नाही. भाषा व्याकरणाच्या तक्त्यापासून सुरू केली की जड जाते. रस्ता सांगण्यापासून सुरू करा. समजा, बीडच्या स्टँडवर उतरलेल्या फ्रेंच पाहुण्याला कंकालेश्वर मंदिराची वाट सांगायचीय. मुख्य शब्द तीनच लागतात. डावीकडं म्हणजे 'आ गोश', उजवीकडं 'आ द्रवात', आणि सरळ म्हणजे 'तू द्रवा'. शेवटचा 'त' खाल्ला की पाहुणा भलत्याच गल्लीत!

सरळ आणि उजवं इतकं सारखं कसं? दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दावरून आले, त्याचा अर्थ सरळ. आता आपल्याकडं बघा. 'उजवा' आला संस्कृत 'ऋजु'वरून, त्याचाही अर्थ सरळच. रेशन दुकानाच्या पाटीवर 'रास्त भाव' लिहिलेलं असतं, त्यातला 'रास्त' फारसी. अर्थ सरळ, योग्य. भाषेचे अभ्यासक सांगतात, हे सगळे शब्द एकाच जुन्या मुळाचे. डाव्या बाजूचंही तसंच. फ्रेंचमध्ये 'गोश' म्हणजे डावा, आणि वेंधळाही. आपण 'डावा'वरून 'डावलणं' केलं. हे नातं एकदा कळलं की शब्द घोकावे लागत नाहीत.

आणि रस्त्यावर भाषा शिकणं आपल्या जिल्ह्याला नवीन आहे का? दिवाळीच्या आगेमागे आपली ऊसतोड कुटुंबं घर सोडतात, काही पार कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. सोबतची पोरं 'एडक्के' म्हणजे डावीकडं, 'बलक्के' म्हणजे उजवीकडं, हे फडात आणि रस्त्यावरच शिकतात. कोणता क्लास नाही, पुस्तक नाही. हंगाम संपून तेच पोरगं शाळेत आलं की आपण म्हणतो, "मागं पडलं." पुण्याच्या पोराचं फ्रेंच गुणपत्रिकेत येतं, आपल्या पोराचं कन्नड कुणी विचारतसुद्धा नाही. ह्याला डावलणं नाही तर काय म्हणायचं?

गुरुजींना, बाईंना माझं एवढंच सांगणं आहे. परत आलेल्या पोराला मागच्या बाकावर बसवू नका, फळ्यापाशी उभं करा. शाळेपासून वेशीपर्यंतचा रस्ता त्याला कन्नडमध्ये सांगू द्या, बाकीच्या पोरांना त्याच्याकडून शिकू द्या. ह्याला पैसा लागत नाही, जीआर लागत नाही. आणि उद्या त्यातल्या एखादीनं फ्रेंच शिकायचं म्हटलं, तर घरच्यांनी हसू नये.

फ्रेंचमध्ये 'द्रवा'चा आणखी एक अर्थ आहे, हक्क. तो आपल्या पोरांचाही आहे.